कमानीखालचा करार

पावसाळ्यात फोर्टात नोकरी करणाऱ्या माणसाला एक विद्या न शिकवता येते. बोरीबंदर स्टेशनला उतरायचं, भुयारातून रस्त्यापलीकडे यायचं आणि दादाभाई नौरोजी रस्त्याच्या कमानींखाली शिरायचं. तिथून फ्लोरा फाउंटनपर्यंत, म्हणजे हुतात्मा चौकापर्यंत, छत्री मिटलेलीच राहते. मध्ये एखादी गल्ली आडवी येते, तेवढी चार पावलं पळत काढायची. डोक्यावर फाइल धरायची की पुढची इमारत आपल्याला पुन्हा पोटाशी घेते. बाहेर जुलै कोसळत असतो, बेस्टच्या बस चाकाचाकांनी पाणी उडवत जातात, आणि आत खांबाखांबांच्या मधून ओला, करडा उजेड फरशीवर पट्ट्यापट्ट्यांनी पसरलेला असतो. एक पट्टा उजेडाचा, एक सावलीचा. त्यावरून घाईघाईने जाणाऱ्या शेकडो पायांना या नक्षीची गंधवार्ताही नसते.

मला होती, कारण मी उशिरा पोचणाऱ्यांतली होते. ज्याला उशीर झालेलाच आहे त्याला आणखी पाच मिनिटांचं भय राहत नाही. मग मी खांब मोजत नसे, पण खांब बघत असे. कुठे निव्वळ गोल, गुळगुळीत. कुठे डोक्यावर पानाफुलांचा दगडी गजरा माळलेला. कुठे दोन खांब जोडीने उभे, एकमेकांचं ओझं वाटून घेतल्यासारखे. प्रत्येक इमारतीचा मालक वेगळा, वास्तुरचनाकार वेगळा, आवडनिवड वेगळी. एकाला रोमन धाटणी हवी, दुसऱ्याला टोकदार गॉथिक कमान, तिसऱ्याला त्यात थोडा मुघली घुमटही हवा. वर बघावं तर जो तो आपापल्या तोऱ्यात. आणि खाली मात्र ही एक पडवी, घरामागून घर जोडत, अखंड चाललेली. कोकणातल्या घराला पुढे पडवी असते. वाटसरूने टेकावं, पाऊस ओसरेपर्यंत थांबावं, त्याला कोणी हटकत नाही. मुंबईने आपल्या एका महागड्या रस्त्याला तशी पडवी काढली, ही गोष्ट मला आजही पुरती खरी वाटत नाही.

ही पडवी काही शेठलोकांच्या औदार्यातून निघालेली नाही. इथे पूर्वी किल्ल्याची तटबंदी होती. जुने मुंबईकर या भागाला कोट म्हणत, आणि कोटाला तीन दरवाजे होते: अपोलो गेट, चर्चगेट, बाजारगेट. 1862 मध्ये बार्टल फ्रियर गव्हर्नर म्हणून आला आणि तट पाडायला सुरुवात झाली. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं, तिकडचा कापूस अडला होता, आणि मुंबईच्या कापसाचं सोनं होत होतं. शहराला अंग पसरायला जागा हवी होती. गोविंद नारायण माडगावकरांचं ‘मुंबईचे वर्णन’ 1863 चं, म्हणजे ऐन या पाडापाडीतलं. शहर मोडत असताना आणि मांडलं जात असताना कोणीतरी मराठीत त्याची नोंद करून ठेवत होतं, ही आपल्या नशिबाची गोष्ट. तट गेला, आणि हॉर्नबी रो नावाची वाट रुंद होऊन हॉर्नबी रोड, म्हणजे आजचा दादाभाई नौरोजी रस्ता, झाली. हा हॉर्नबी म्हणजे अठराव्या शतकातला मुंबईचा गव्हर्नर, वरळीची खाडी बांधून काढणारा, हॉर्नबी वेलार्डवाला.

मग 1896 साली नियम झाला की या रस्त्यावर जो बांधेल त्याने तळमजल्याला रस्त्याच्या बाजूने कमानींची वाट ठेवलीच पाहिजे. जमीन तुझी, दगड तुझा, खर्च तुझा. पण ही पुढची पट्टी चालणाऱ्याची. वर हवे तेवढे मजले चढव, हवा तसा मिरव, खालून मात्र लोक जातील. मला हा नियम फार शहाणा वाटतो. मालकाचं त्याने फारसं काही हिरावून घेतलं नाही, कारण सावलीतून रमतगमत जाणारं गिऱ्हाइकच दुकानाच्या काचेपाशी थांबतं. उन्हात धावणारं थांबत नाही. पण हे गणित कोणा एकट्याला परवडणारं नव्हतं. एकानेच पडवी काढली आणि शेजाऱ्याने भिंत पुढे आणली, तर पडवीवाला मूर्ख ठरतो. सगळ्यांनी एकदम काढली तरच तिला अर्थ. म्हणून तिथे सरकारचा दंडुका लागला. व्यापारी माणसाला आपलं हित कळत नाही असं नाही. शेजाऱ्यालाही ते कळलं आहे का, याची त्याला खात्री नसते.

त्या नियमाखाली जे उभं राहिलं, आणि त्याआधीपासून जे उभं होतं, ते बघत जायला एक संध्याकाळ पुरत नाही. स्टेशनसमोर कॅपिटॉल. 1879 साली ते गेइटी नावाचं नाटकगृह होतं, पुढे सिनेमाचं थिएटर झालं. मग जे. एन. पेटिट इन्स्टिट्यूट, 1898 ची, जिच्या वाचनालयाच्या रंगीत काचा खालून जाणाऱ्याला कधी दिसतच नाहीत. वाच्छा अग्यारी. तिच्या दारावर माणसाच्या मुखाचे पंखवाले बैल उभे आहेत, थेट इराणच्या पुराण्या राजवाड्यांतून आलेले. पारशी नसलेल्याला आत प्रवेश नाही, त्यामुळे मला त्या जागेचं फक्त दार ठाऊक आहे आणि अधूनमधून बाहेर येणारा चंदनाचा वास. आणि व्हाइटअवे लेडलॉची इमारत! साहेबाच्या देशातले कपडे, टोप्या, कटलरी विकणारं बडं दुकान होतं ते. त्याच छताखाली पुढे खादी भांडार आलं. इतिहास कधीकधी इतका उघड विनोद करतो की कादंबरीत कोणी तो लिहिला तर संपादक काट मारील.

रस्त्याला दादाभाईंचं नाव मिळालं तेही मला योग्यच वाटतं. शाळेत आपण त्यांना संपत्तीच्या ओघाचा सिद्धांत मांडणारे, 1892 साली ब्रिटिश पार्लमेंटात निवडून गेलेले पितामह म्हणून पाठ करतो. ते व्यापारीही होते, हे विसरतो. कामा कंपनीत भागीदार म्हणून ते लंडनला गेले. अफू आणि दारूच्या व्यवहारातला पैसा नको म्हणून बाहेर पडले, आणि 1859 मध्ये स्वतःची कापसाची पेढी काढली. पैसा येतो कुठून आणि जातो कुठे, हा प्रश्न त्यांनी आधी स्वतःच्या वहीला विचारला होता. दुकानांच्या रस्त्याला यापेक्षा चांगलं नाव सापडलं नसतं.

मी या रस्त्यावर चालू लागले तेव्हा, म्हणजे नव्वदच्या दशकात, हे सगळं होतं आणि दिसत नव्हतं. दिसत होते ते बोर्ड. कमानीच्या कपाळावर आडवे ठोकलेले, प्लास्टिकचे, आत ट्यूबलाइट जळणारे. एका दुकानाने चार फुटांचा लावला की शेजारी सहा फुटांचा लावी, मग पहिला आठ फुटांचा. खांबांना उभ्या पट्ट्या, पहिल्या मजल्याच्या कठड्याला वकिलांच्या पाट्या, खिडकीतून बाहेर आलेले एसी, त्यांतून ठिबकणारं पाणी, आणि सगळ्यांवरून लोंबणाऱ्या वायरी. कोरीव दगडात खिळे. तिथे दगडी सिंहाचं मुंडकं आहे हे कळायला मध्ये एखादं दुकान बंद पडून त्याचा बोर्ड उतरावा लागे. आणि गंमत म्हणजे एवढे बोर्ड असूनही हवं ते दुकान सापडत नसे. सगळेच ओरडत असले की कोणाचंच ऐकू येत नाही.

याचा दोष एकट्या दुकानदाराला देऊन मोकळं होणं सोपं आहे. पण त्या दर्शनी भिंतीचा धनी कोण, हे विचारलं की गुंता उलगडत नाही. इमारतीचा मालक वेगळा. त्याच्या हाती येणारं भाडं 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने 1940 च्या पातळीवर गोठवलेलं. पुढे 1999 च्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढवायची मुभा दिली, पण मूळ आकडाच इतका किरकोळ की त्याचे चार टक्के म्हणजे चहाचे पैसे. बँका आणि एक कोटी वा त्याहून जास्त भरणा भांडवलाच्या कंपन्यांना त्या कायद्याने संरक्षणाबाहेर काढलं. बाकी गाळे पागडीचेच राहिले. एवढ्या भाड्यात मालक दगड कशाला धुईल? भाडेकरू म्हणतो, भिंत माझी नाही, मी का खर्च करू? वरच्या मजल्यावरचे ऑफिसवाले जिन्याने येतात, जिन्याने जातात. कमानीखालची जमीन कागदावर खासगी, वापरात सार्वजनिक. म्हणून झाडूवाला म्हणणार आमच्या हद्दीत नाही, आणि मालक म्हणणार लोक घाण करतात ती मी का काढू. बोर्डाला परवाना महापालिकेचा. इमारत वारशाच्या यादीत असली तर वारसा समितीची मान्यता वेगळी. इतके धनी असलेली वस्तू अनाथच असते.

1995 मध्ये मुंबईसाठी वारसा नियमावली आली. देशात अशी ही पहिली. एकेकट्या देवळा-राजवाड्यांबरोबर तिने अख्खे भाग आणि रस्तेही वारसा मानले, आणि दादाभाई नौरोजी रस्ता रस्ता म्हणून यादीत बसला. यादीत नाव आलं की गोष्ट वाचते, असा आपला एक भाबडा समज आहे. यादीने पाडायला बंदी होते. झाकायला कोण बंदी करणार?

तिथून पुढची गोष्ट मला सांगायची आहे. 1998 च्या सुमारास आभा नारायण लांबा या तरुण वास्तुसंवर्धनकार बाईंनी या रस्त्याचा अभ्यास हाती घेतला. मुंबई महानगर प्रदेशाची वारसा संवर्धन सोसायटी पाठीशी होती. अभ्यास म्हणजे काय, तर कमानीमागून कमान मापायची. कोणत्या इमारतीची कमान किती रुंद, तिच्यावर आज काय काय ठोकलंय, त्यातलं काय काढता येईल, आणि दुकानाचं नाव तरीही लोकांना कसं दिसेल. शेवटचा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. वारसावाल्यांची आपल्याकडे एक खोड आहे. ते दुकानदाराकडे डाग म्हणून बघतात. इथे त्याला नाव मिरवायचा हक्क आहे हे आधी मान्य केलेलं होतं. तोडगा निघाला तोही साधाच: बोर्ड कमानीवर नको, कमानीच्या आत. खांब मोकळे, दगड मोकळा, अक्षरं कमानीच्या पोकळीत, इमारतीच्या मापाला धरून. पादचाऱ्याला ती समोर येतात, कारण तो कमानीखालूनच चालतोय. रस्त्यापलीकडच्याला अख्खी इमारत दिसते, आणि कोणत्या इमारतीत जायचं ते एकदा कळलं की दुकान सापडतंच. दिवे, बाकं, रस्त्यावरचं बाकी सामान यांचाही त्याबरोबर विचार झाला.

आराखडा कागदावर सुंदर असतोच. तो भिंतीवर उतरवायला दुकानाची पायरी चढावी लागते. कोणत्याही बाजारपेठेत हेच काम सर्वांत जड, आणि त्याबद्दल सगळ्यांत कमी लिहिलं जातं. सकाळी जाऊन चालत नाही, भवानी झालेली नसते. रिकाम्या हाताने आलेल्या माणसाचं तेव्हा कोणी ऐकून घेत नाही. दुपारी शेठ जेवतो. संध्याकाळी गिऱ्हाईक. मधली जी फट सापडते तिच्यात त्याला सांगायचं, की तुमचा आठ फुटी बोर्ड, जो तुम्ही पैसे मोजून करून घेतलात, तो तुम्हीच पैसे खर्चून उतरवा आणि लहान लावा. तो पहिला प्रश्न करणार: शेजारचा उतरवतोय का? 1896 चाच प्रश्न, शंभर वर्षांनी. त्या वेळी त्याचं उत्तर सरकारी नियमाने दिलं होतं. या वेळी महापालिकेच्या वॉर्डाचा वचक पाठीशी होता, पण उत्तर द्यायचं होतं दुकानदारांनी एकमेकांना.

आणि ते दिलं गेलं. सगळीकडे नाही, एका दिवसात नाही, पण बोर्ड उतरले. रस्त्यावरच्या रहिवासी-दुकानदारांनी मिळून हेरिटेज माइल असोसिएशन उभी केली. मी तेव्हा रोज तिथून जात होते आणि मला यातलं काहीही माहीत नव्हतं. फक्त इतकं आठवतं की एका इमारतीच्या माथ्याकडे माझी नजर गेली आणि ती नवी बांधली की काय असं वाटलं. ती मी चालू लागले त्याच्या कितीतरी आधीपासून तिथेच होती. 2004 साली युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत या रस्त्याच्या कामाचा सन्मानपूर्वक उल्लेख झाला. त्याच वर्षी समोरचं स्टेशन जागतिक वारसा ठरलं. स्टेशनाची बातमी सगळ्यांनी वाचली. रस्त्याचीही वाचायला हवी होती, कारण स्टेशन राखायला रेल्वे आहे, आणि बोर्ड लहान करायला फक्त दुकानदाराचं मन आहे.

इथे मला टोरांटोची आठवण येते. तिकडच्या ब्लूर वेस्ट व्हिलेज नावाच्या पेठेत साठच्या दशकाच्या शेवटी जमिनीखालून रेल्वे आली. आधी ट्राममधून दुकानांच्या दारात उतरणारी गिऱ्हाइकं आता पायाखालून निघून जाऊ लागली. दुकानदारांनी वर्गणी काढून पेठ सजवायचं ठरवलं, आणि जगात सगळीकडे होतं तेच झालं: निम्म्यांनी दिली, निम्म्यांनी दिली नाही, आणि दिवे सगळ्यांच्याच दुकानांवर पडले. मग त्यांनी कायदा करून घेतला. ठरावीक हद्दीतल्या प्रत्येक व्यावसायिकाकडून महापालिकेने कराबरोबर जादा पट्टी वसूल करायची, आणि ती रक्कम त्या पेठेच्याच मंडळाच्या हाती द्यायची. 1970 साली ब्लूर वेस्ट व्हिलेज ही अशी जगातली पहिली पेठ ठरली. पुढे ही पद्धत देशोदेशी गेली.

मुंबईत दुकानदारांच्या मंडळाला अशी सक्तीची पट्टी नाही. इथे सगळं मनावर. शेजारचं काळा घोडा असोसिएशनही 1998 चंच, पण त्यांच्या हाती उत्सव आहे. 1999 पासून तो भरत आला आहे, प्रायोजक येतात, आणि त्या पैशातून आसपासच्या वास्तूंची डागडुजी होते. दादाभाई नौरोजी रस्त्याला उत्सव नाही. हा कामाचा रस्ता आहे. इथे लोक चष्म्याचा नंबर काढायला, पासपोर्टची झेरॉक्स काढायला, घड्याळाचा सेल बदलायला येतात. अशा रस्त्याचं संमेलन भरत नाही आणि त्याच्यावर गाणं कोणी लिहीत नाही. त्याला लागतं ते दर महिन्याला बैठक घेणारं कोणीतरी, गळका पाइप कळवणारं, नव्या भाडेकरूला येताक्षणी बोर्डाचा नियम सांगणारं. हे कोणीतरी थकलं, बदली होऊन गेलं किंवा वारलं, की बोर्ड हळूच एक फूट वाढतो. आज तुम्ही गेलात तर दोन्ही दिसेल. काही कमानी स्वच्छ, शिस्तीच्या. काहींवर पुन्हा चकाकते डबे चढलेले. करार मोडला असं मी म्हणणार नाही. तो दर पिढीला नव्याने करावा लागतो, आणि मधली एक पिढी गैरहजर राहिली.

आणि या कराराला पहिल्यापासून एक भोक होतं, तेही सांगते. कमानीखाली दुकानदार आहे तसा फेरीवालाही आहे. मोबाइलची कव्हरं, कमरेचे पट्टे, नेलकटर, स्वस्त गॉगल, फाउंटनकडे गेलात तर जुनी पुस्तकं. माझ्या पगाराच्या काळात माझ्या निम्म्या खरेद्या या खांबांच्या सावलीत झाल्या. काचेच्या दारामागे जाण्याइतके पैसे नसत, आणि “बोला ताई” म्हणणाऱ्यापुढे ओशाळं वाटत नसे. कुठूनतरी “गाडी!” अशी आरोळी उठली की चादरीची चार टोकं एका झटक्यात एकत्र येत आणि दुकान माणसाच्या पाठीवर बसून गल्लीत नाहीसं होई. महापालिकेची गाडी निघून गेली की पुन्हा तिथेच, त्याच खांबाला टेकून. सौंदर्याच्या आराखड्यात हा माणूस अडथळा म्हणून येतो. मला हे पटत नाही आणि पूर्ण अमान्यही करवत नाही. खांबाखांबाला टपरी लागली तर पडवी चालायची राहत नाही. अंध माणसाने, म्हाताऱ्या बाईने, तान्हं मूल घेतलेलीने जायचं कुठून? 2014 च्या फेरीवाला कायद्याने यावर उपाय सांगितला आहे. नगर पथविक्रेता समिती नेमायची, तिच्यात चाळीस टक्के जागा फेरीवाल्यांच्या, त्यातही तिसरा हिस्सा बायकांचा, आणि कोणी कुठे बसायचं ते समितीने ठरवायचं. मुंबईत या समितीसाठी फेरीवाल्यांचं मतदान व्हायला 2024 उजाडलं. मधल्या काळात, एल्फिन्स्टन स्टेशनच्या चेंगराचेंगरीनंतर 2017 साली उच्च न्यायालयाने रेल्वे स्थानकांपासून दीडशे मीटरच्या आत बसायला मनाई केली. मनाई झाली, समिती नव्हती. बोर्डाच्या मापावर जशी दुकानाच्या पायरीवर बसून वाटाघाट झाली, तशी या माणसाशी कोणी केली नाही. त्याच्याशी बोलायला नेहमी गाडीच आली.

बोर्डांच्या बाबतीत नंतर एक संधी चालून आली होती. दुकानांच्या पाट्या मराठीत, देवनागरीत, आणि इतर लिपीपेक्षा लहान नसलेल्या अक्षरांत हव्यात, अशी कायद्यात दुरुस्ती 2022 मध्ये झाली. व्यापारी सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने सप्टेंबर 2023 मध्ये दोन महिन्यांची मुदत दिली, आणि नोव्हेंबरअखेर मुंबईभर पाट्या बदलण्याची धांदल उडाली. माझ्यासारखीला आनंद व्हायलाच हवा, आणि झालाही. हुतात्मा चौकाकडे जाणाऱ्या रस्त्यावर मराठी अक्षर मोठं दिसावं यात न्यायच आहे. पण मनात आलं, शहरातला प्रत्येक बोर्ड एकाच वेळी खाली उतरतोय, प्रत्येक दुकानदार पेंटरकडे आणि एलईडीवाल्याकडे जातोय. याच वेळी कोणीतरी माप हातात घेऊन उभं राहायला हवं होतं. भाषा बदला आणि जागाही बदला, कमानीच्या आत या, इतकंच सांगायचं होतं. देवनागरीला कमान काय शोभते! शिरोरेषा सरळ, तिच्यावर दगडाचा अर्धगोल. बहुतेकांनी जुन्याच डब्यावर नवं फ्लेक्स ताणलं.

आता ब्लूर वेस्ट व्हिलेजसारखी जमिनीखालची गाडी इथेही आली आहे. मेट्रो तीनची खोदाई चालू होती ती वर्षं या रस्त्याने पत्र्यांच्या कुंपणात काढली. पेटिट इन्स्टिट्यूटच्या नक्षीचा तुकडा पडला आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं; जुन्या दगडाला हादरे किती सोसवतील यावर तज्ज्ञांनी डोकी खपवली. पत्र्यामागे दुकान झाकलं गेलं की गिऱ्हाईक दुसरा रस्ता धरतं आणि सवय लागली की परत येत नाही, हे त्या काळात कितीतरी गल्ल्यांवर कानी आलं. ऑक्टोबर 2025 मध्ये मार्ग कफ परेडपर्यंत पुरा झाला. या पडवीच्या दोन टोकांना आता दोन स्थानकं आहेत, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आणि हुतात्मा चौक. टोरांटोत गाडीने माणसं पळवली. इथे उलटही होऊ शकतं, कारण या रस्त्याला मुळात मोटारीतला माणूस नकोच आहे, त्याला पायी माणूस हवा आहे, आणि मेट्रो सरकत्या जिन्याने पायी माणूसच वर पाठवते. तो बाहेर येतो तेव्हा त्याच्या समोर काय असतं, हा प्रश्न आहे. सरळ, मोकळी, सावलीची पडवी असेल तर तो दोन स्थानकांमधलं अंतर चालून काढील, मध्ये कुठेतरी थांबेल, काहीतरी घेईल. वाट अडलेली आणि फरशी उखडलेली असेल तर ॲपवर गाडी बोलावून निघून जाईल.

पुण्यात 2021 पासून 11 डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा एक तुकडा दिवसभर वाहनांना बंद ठेवून पादचारी दिन पाळतात. एका दिवसाने काही होत नाही, असं म्हणणारे म्हणोत. मला एक दिवसाचं महत्त्व कळतं. वाहनं नसली तरी धंदा बुडत नाही, हे दुकानदाराला पटवायला शंभर आराखड्यांपेक्षा भरलेला गल्ला बरा. आपल्याकडच्या बहुतेक पेठा भीतीने अडलेल्या आहेत. कोल्हापूरचा महाद्वार रोड असो की दादरचा रानडे रोड, पार्किंग गेलं की गिऱ्हाईक गेलं, असा तिथल्या बैठकीतला पहिला सूर असतो. ती भीती खोटी आहे असं सांगून जात नाही. दाखवून जाते.

ज्यांचा कुठल्याही पेठेत गाळा आहे त्यांना माझं सांगणं एवढंच. दुकान उघडण्यापूर्वी एकदा रस्त्यापलीकडे उभे राहा आणि आपला बोर्ड शेजाऱ्याच्या बोर्डासकट बघा. मग मंडळाच्या पुढच्या बैठकीला जा, आणि जाताना दारासमोर बसणाऱ्या फेरीवाल्यालाही बरोबर न्या. खुर्ची रिकामी असतेच.